फळ्यावरचे चारशे

हॅमट्रॅमिक या अमेरिकी गावातल्या आपल्या गॅरेजात बर्निस वोयटासनं बारा वर्षांत हजारो गाड्या चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवल्या. त्याआधीची तीस वर्षं ती मोटार कारखान्यात इंजिनं तपासत होती. माहितीपत्रकातला आकडा कुणी छाती फुगवून सांगितला, की ती म्हणे, तो नुसत्या इंजिनाचा. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल आपापला घास खाऊन चाकापर्यंत किती पोचतं, ते माझे रोलर सांगतील. आकडा दिसला की मालकाचं तोंड एवढंसं होई. ज्याच्या चाकावर चारशे हॉर्सपॉवर भरे, त्याचं नाव ती स्वतः भिंतीवरच्या फळ्यावर रंगवी. तिचं नाव मात्र तिथं नव्हतं, आणि सोमवारी रोलर विकले जाणार होते. आज जमलं तर जमलं.

सकाळी एझेल टिब्स, तिचा कारखान्यापासूनचा सोबती आणि वैरी, चारशे पाचावर फळ्यावर चढला आणि तेव्हापासून त्यानं तिचं डोकं खाल्लं होतं. दुपारी तिची गाडी रोलरवर चढवून पट्ट्यांनी आवळली. इंजिन तिनं दोन हिवाळे खपून बांधलेलं. लोकांनी कानात बोटं घातली. चौथा गिअर टाकून तिनं पाय दाबला, पत्र्याचं छप्पर थरथरलं, आणि आकडा आला चारशे बारा. एकाहत्तर वर्षांची बाई चक्क नाचली. ब्रश बुडवून तिनं नावाचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

मग तिची नजर मशीनच्या पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. खोलीचं तापमान पन्नास अंश. लोक तर स्वेटर घालून उभे होते. गरम हवा विरळ, तिच्यात इंजिन कमी ताकद देतं. म्हणून जानेवारीतली गाडी जुलैतल्या गाडीशी ताडता यावी यासाठी मशीन उकाड्याची भरपाई आकड्यात मिळवतं. सकाळी एझेलची गाडी चढण्याआधी झाडताना तिनंच मशीनचा तापमापक ठेवलेलं स्टूल सरकवलं होतं, ते थेट गाडीच्या धुराड्याशेजारी; आकडा फुकटच फुगला होता. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिला तो आकडा हवा होता, जीव तुटेपर्यंत हवा होता. तिनं ब्रश खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगून टाकलं.

"म्हणजे माझाही गेला?" एझेलनं विचारलं.

"तुझा तर सकाळीच गेला."

स्टूल दूर नेलं, हवा निवू दिली. तिची गाडी पुन्हा गर्जली. तीनशे शहाण्णव. तिनं काढलेलं अक्षर चिंधीनं पुसलं.

एझेलनं तिच्या हातून चिंधी घेतली, स्वतःचं नाव पुसलं आणि तो म्हणाला, "माझीही चढव. होऊन जाऊ दे."

त्याची आली तीनशे एकोणनव्वद.

बर्निसनं पडदा दोनदा वाचला. मग कमरेवर हात ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"कितीनं मागे पडलास?"

"सातानं," तो पुटपुटला.

"इंजिन चालू आहे रे. ऐकू आलं नाही."

एझेलनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं सांगितलं, "सातानं."