दुधाला पावडरीचा वास

निवृत्त आरोग्यसेवकाला कुणी परीक्षक म्हणून बोलावलं, हे घरात सांगितलं तेव्हा बायको हसली. हसण्यासारखंच होतं. माझी सगळी नोकरी गावोगावच्या विहिरींत जंतुनाशक पावडर टाकण्यात, डासांच्या अळ्या शोधण्यात आणि महिन्याचे अहवाल भरण्यात गेली. पण विद्यापीठानं सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या पदव्युत्तर मुलामुलींच्या क्षेत्रकार्याचं प्रदर्शन बीडला भरवलं, आणि गावपातळीवरचा एक जुना माणूस हवा म्हणून तिसरी खुर्ची मला दिली. पहिल्या दोन खुर्च्यांवर विभागप्रमुख आणि शहरातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मनात म्हणत होतो, आता ही पोरं उंटावरून शेळ्या हाकणार आणि आपण मान डोलवायची.

तासाभरात माझा ताठा उतरला. एकानं ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांबरोबर फिरून, पोरांच्या लशी नेमक्या कोणत्या मुक्कामावर चुकतात ते शोधलं होतं. एकीनं चारा छावणीत जनावरांपाशी राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या औषधांचं बघितलं होतं. पायाला भेगा पडेस्तोवर ही पोरं हिंडली होती. आमच्या वेळी आम्ही ओट्यावर बसून माहिती भरायचो, हे कबूल करायला आता माझं काय जातं?

शेवटच्या फलकापाशी एक सावळी, काटक मुलगी उभी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, तेलगावच्या पुढच्या एका गावातली. गावाचं नाव वाचून मी चपापलो. त्या गावात मी सलग काही वर्षं होतो, तेही दुष्काळात, टँकर विहिरीत रिकामा व्हायचा त्या दिवसांत. पावडर टाकूनही तिथं हगवण हटत नव्हती.

यंदाही ते गाव टँकरवरच होतं. फलकावर चार ओळींत तिचं काम होतं. बायका टँकरचं पाणी घरी नेऊन पसरट पातेल्यात उघडं ठेवत, पावडरीचा वास उडून जावा म्हणून. वासाबरोबर पावडरीचा गुणही उडायचा, वर धूळ आणि माशा बसायच्या, आणि तेच पाणी घरची माणसं प्यायची. आजवर सगळ्यांनी याला अडाणीपणा म्हटलं होतं. हिनं बायकांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की, वासाचं पाणी गाईनं प्यायलं तर दुधाला वास येतो आणि डेअरीतून दूध परत येतं. पाणी एवढंसं, गाईचं वेगळं आणि माणसांचं वेगळं कुठून काढणार? दुष्काळात रान करपलेलं, घर चालत होतं ते गावच्या सहकारी दूध संस्थेवर. दूध परत आलं की चूल बंद.

मग ही पोरगी दूध संस्थेत गेली. सचिवाला पटवलं. दोन गाईंना आठ दिवस झाकलेलं, पावडरीचं पाणी पाजलं आणि रोज संकलनाच्या वेळी सगळ्या बायकांसमोर ते दूध ठेवलं. बायकांनीच वास घेतला, सचिवानं तपासलं. एकदाही दूध परत गेलं नाही. त्यानंतर घराघरांत पातेल्यांवर झाकणं आली. माठातल्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होऊ लागलं, म्हणजे पावडर शिल्लक आहे.

खाली ठळक अक्षरांत तिनं लिहिलं होतं: ‘माझी चूक’. पहिल्याच दिवशी तिच्या हातून पावडर जास्त पडली, गाईनं तोंड फिरवलं आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना पुन्हा तयार करून नव्यानं सुरुवात करण्यात आठ दिवस वाया गेले. आमच्या अहवालात चुकीचा रकानाच नसायचा. मला ती पोरगी तिथंच आवडली.

विभागप्रमुखांना मात्र कागद आवडतो. ते म्हणाले, “तुमचा मंजूर विषय ‘हात धुण्याविषयीची माहिती’ असा आहे. हे गाई-म्हशींचं काय आहे? विषय परवानगीशिवाय बदललात. क्षेत्रकार्य पुन्हा करावं लागेल. सहा महिने.”

तिचा चेहरा उतरला. “सर, हात धुवायला पाणीच न्हवतं,” ती म्हणाली. मग सावरून नीट बोलायला लागली, “घरच्यांनी एवढ्या वर्षापुरतंच पाठवलंय. सहा महिने म्हटलं तर पुन्हा नाही पाठवणार.”

“ते आमच्या हातात नाही. आणि त्या गावच्या नोंदवहीत पाणी वर्षानुवर्षं शुद्धच आहे. मग तुम्ही सोडवलेला प्रश्न होता तरी का?”

चोराच्या मनात चांदणं. ती नोंदवही माझ्याच हातची होती.

मी उठलो. म्हणालो, “साहेब, त्या वहीत मी खोटं लिहिलं नाही. पावडर टाकून विहिरीपाशीच तपासायचो, तिथं पाणी पिवळं व्हायचं. घरातलं पाणी एकदाही तपासलं नाही. उघडी पातेली दिसायची, मी शिव्या घालायचो. एकदा तर डोकं फिरलं आणि एका बाईचं भरलेलं पातेलं तिच्या दारात लाथेनं उपडं केलं. टँकर दोन दिवसांनी येणार होता. वर मला वाटलं, बरी अद्दल घडली. हिच्या कामाला विषय कुणाचा म्हणून विचारत असाल तर तो माझा आहे. मी इतकी वर्षं अर्धवट सोडलेला.”

डॉक्टरीणबाईंनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि सही केली. मी केली. विभागप्रमुखांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, समासात ‘विषयबदल मान्य’ असं लिहिलं आणि सही केली. कागदाचा माणूस, पण माणूस होता.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. म्हणालो, “पोरी, ती बाई गावात असेल अजून. एकदा येऊन माफी मागावी म्हणतो. घर दाखवशील?”

“आमचंच घर हाय ते,” ती म्हणाली. “मी दारातच होते. आईनं पदरानं भुईवरचं पाणी टिपून वासरापुढं पिळलं.”

मी हातातलं ताट खाली ठेवलं. विचारलं, “मग सकाळपासून मला ओळखत होतीस? फलकावर लिहिलं का नाहीस?”

“लिहिलतं. आईनं खोडायला लावलं. म्हणली, त्या माणसाला आपल्या लेकरांची लई काळजी होती, म्हणूनच चिडायचा. फकस्त इचारायचं त्याला सुचलं न्हाई.”