आजपासून तू मंगल

"आजपासून तुझं नाव मंगल," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. त्या मोबाइलवर कुणाला तरी काहीतरी लिहीत होत्या.

मी ऑफिसच्या दारात उभी. हातात ओला पोछा. पाणी फरशीवर ठिबकायला लागलेलं.

"का मॅडम?"

"अगं, सीनियर केजीत एक ओवी आहे, नर्सरीत दोन. यंदा अजून एक आली. पॅरेंट्सना ऑकवर्ड होतं. सकाळी काय झालं, बघितलंस ना?"

सकाळचं मी विसरले नव्हते. सिडकोतली ही बालवाडी. मी तिथं मावशीचं काम करायची. पोरांना गाडीतून उतरवायचं, शू-शीला न्यायचं, फरशी पुसायची. सकाळी फाटकाशी एका नव्या आईनं हाक मारली, "ओवी, इकडे ये." मी वळले. "काय मॅडम?" तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. केसांपासून चपलेपर्यंत. तिची पोरगी माझ्या मागं उभी होती, गुलाबी दप्तर घेऊन.

"तुझं नाव ओवी आहे?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. ती शेजारच्या बाईकडं वळली. "आम्ही किती शोधून ठेवलं हे नाव. म्हटलं, कुणाचं नसेल असं हवं. आणि बघ!" दोघी हसल्या. माझ्यासमोर. मी भिंत असल्यासारख्या.

मॅडमनी आता मोबाइल खाली ठेवला. "आणि खरं सांगू का? तुला ते शोभत पण नाही. मंगल कसं, साधं आहे."

मी "बरं" म्हणाले. बाहेर आले. पोछा पिळला. पिळतच राहिले.

माझं नाव माझ्या मायनं ठेवलं. आम्ही मेंढरंवाले. करमाडच्या पुढं आमचं गाव. माझ्या बापाचं, आबाचं, नाव बिरोबा, पण गावात त्याला बिरोबा कुणी म्हणलं नाय. ज्याच्या रानात आमची मेंढरं बसायची, त्या मालकाचा शाळकरी पोरगा आबाला हाक मारायचा, "ए बिऱ्या." आबाच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि तो पोरगा "ए बिऱ्या, मेंढरू हाकल तिकडं." मायचं नाव भामाबाई. तिला "भामे". म्हाताऱ्याची, पोराची, सगळ्यांची ती भामेच.

मी पोटात असताना मायनं ठरवलं. लेकराला असं नाव द्यायचं, की कुणाला मोडताच येणार नाय.

मी झाले तेव्हा मेंढरांचा तळ फर्दापूरकडं पडला होता. आबा ओव्या म्हणायचा. ढोलाच्या तालावर, देवाच्या जागराला. आबा सांगतो, ओवीवरून ओवी. माय सांगते, "तुझ्या आबाचं सोड. मी लई इचार केला. ओवीचं काय करतील? लई झालं तर ओव्या म्हणतील. म्हणू दे. एकीच्या चार होतील." असं म्हणून हसते.

तेव्हा ह्या नावाची दुसरी पोरगी आमच्या पंचक्रोशीत नव्हती. लोक नाक मुरडायचे. ओवी हे काय बाईचं नाव आहे? शाळेत पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "ओवी का? मग एक म्हणून दाखव." सगळा वर्ग हसला. मी खरंच म्हणून दाखवली, आबाची. तर अजून हसले. नंतर पोरं मला बघितलं की तोंडानं ढोल वाजवायची. मी घरी येऊन मायला म्हणायची, माझं नाव बदल. सुनीता ठेव, अनिता ठेव. माय ऐकायची नाय.

मग नववीत असतानाची गोष्ट. शहरात मोठ्या बसस्टँडवर आम्ही दोघी गाडीची वाट बघत होतो. एका चांगल्या घरच्या बाईनं कडेवरच्या बाळाला म्हणलं, "ओवी, टाटा कर." माय चटकन उठून तिच्याजवळ गेली. "लेकीचं नाव ओवी ठिवलं व्हय? माझ्या लेकीचं बी तेच हाय." ती बाई कसंनुसं हसली, दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. मायला ते दिसलंच नाय. गाडीत बसल्यावर सारखी म्हणत होती, "बघ. लोकाला आता कळाय लागलं." मला पण आनंद झाला होता. वाटलं, आता सुटले.

नंतर ते नाव पसरतच गेलं. कुठून पसरलं, मला ठाऊक नाय. बारशाच्या पत्रिकेत दिसायला लागलं, केकवर दिसायला लागलं, गाडीच्या मागच्या काचेवर दिसायला लागलं. बारावी करून मी शहरात आले, मुकुंदवाडीत खोली घेतली, ह्या शाळेत लागले. मला वाटलं होतं, माझ्या नावाची लेकरं इथं आहेत, म्हणजे हे आपलं ठिकाण. इतकी मी बावळट.

जोपर्यंत ते नाव फक्त आमचं होतं, तोपर्यंत ते हसण्यासारखं. त्यांनी उचललं, तर ते भारी. आणि भारी झाल्यावर मला शोभेना.

मी मंगल झाले. एप्रनवर तसा बिल्ला लागला. पोरं "मंगलमावशी" म्हणायला लागली. माझ्यासोबत काम करणारी रेहाना एकटी मला ओवी म्हणायची, तेही मागं भांडी घासताना. तिच्या बिल्ल्यावर "रेखा" होतं. ती आली तेव्हाच मॅडमनी बदललेलं. मी विचारलं, तुला राग नाय येत? ती म्हणाली, "आदत हो जाती. पहले कान में चुभता, फिर नहीं चुभता."

मला चुभायचं. जागेवर बसवायचं नाय. रिक्षात बसले की मनातल्या मनात माझं नाव घ्यायची, चव गेली का बघायला. आरशासमोर घ्यायची. गावाला फोन केला की माय "ओवी" म्हणायची, तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा फोन करायची. तिला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. काय सांगू? तू शोधलेलं नाव इथं ठेवून घेतलं, असं?

एक दिवस गुलमंडीत कुणीतरी "मंगल!" म्हणून ओरडलं आणि मी वळले. ती हाक दुसऱ्याच बाईला होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माय आली.

आबा मेंढरं घेऊन गंगापूरकडं गेला होता. माय एकटीच सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आलेली. डॉक्टरनी डोळ्यांत थेंब घातले. थेंब घातले की सगळं धूसर दिसतं. तिला वाटलं, लेकीला भेटून जावं. कुणाकुणाला विचारत शाळेच्या फाटकाशी आली. आमचे फोन कामाच्या वेळात ऑफिसात जमा असायचे, म्हणून तिला फोनही लागला नाय.

मधल्या सुट्टीत पोरं अंगणात होती. माय फाटकाच्या गजांना धरून, डोळे बारीक करून एकेकाचं तोंड बघत होती. मला शोधत होती. मग तिनं हाक मारली, "ओवी! ए ओवी!"

गुलाबी दप्तरवाली ओवी धावत फाटकाशी गेली.

मायनं मला नंतर सांगितलं, "मी तिला म्हणलं, तू बी ओवी व्हय गं माय? लई गोड वाटलं मला. पिशवीतला शेंगाचा लाडू दिला. तुझ्यासाठी आणलेला."

तेवढ्यात वॉचमननं तिचं मनगट धरून तिला आत ओढलं.

मी वरच्या मजल्यावर होते. रेहाना धापा टाकत आली. "ओवी, नीचे चल. तेरी अम्मा को पकड़े. बच्चा चोरने आयी बोल रहे सब."

मी जिना कसा उतरले, आठवत नाय. माय अंगणात मधोमध उभी होती. पदर खाली पडलेला. एका हाताला वॉचमन. समोर मॅडम. डबा द्यायला आलेल्या दोन-तीन आया आपापल्या पोरांना पोटाशी धरून लांब उभ्या. एकीच्या हातात मोबाइल, मायच्या तोंडासमोर. मायच्या डोळ्यांतून औषधाचं पाणी गळत होतं आणि ती कुणाकडं बघायचं ते न कळून भलतीकडंच बघून बोलत होती.

"अवो, माझी लेक हाय हितं. ओवी नाव हाय तिचं."

"ओवीची आई मला माहितीये," मॅडम ओरडल्या. "खोटं बोलू नका. कुणी पाठवलं तुम्हाला? लाडवात काय घातलंय?"

मग मॅडमना मी दिसले. "मंगल, इकडे ये. ही बाई तुमच्याकडची वाटते. ओळखतेस का?"

तुमच्याकडची.

मायनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मंगल कोण, ते बघायला.

मी वॉचमनचा हात सोडवला. पदर उचलून मायच्या खांद्यावर टाकला. म्हणाले, "ही माझी आई आहे."

मॅडमचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. लगेच त्या हसल्या. "अरे देवा. मग तसं सांगायचं ना, मावशी! तुम्ही ओवी ओवी करत बसलात. मंगलला बोलवा म्हणायचं. किती गोंधळ घातलात."

म्हणजे चूक मायची. पोटच्या पोरीला तिच्या नावानं हाक मारली, ही चूक.

"माझ्या आईनं बरोबर नाव घेतलं," मी म्हणाले. "ओवी मी आहे. तुम्ही ते बदललं."

"बरं बरं, आत जाऊन बोलू."

"इथंच बोलू. फोटो कुठं गेला?"

मोबाइलवाल्या बाईनं खाली बघितलं. फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला होता. मायचा फोटो. खाली मॅडमनीच लिहिलं होतं, मुलं पळवणाऱ्या टोळीतली बाई, सावध राहा, सर्वांना पाठवा. आणि तो जात होता. ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. आम्ही तिथं उभे होतो, तेवढ्यात जात होता.

ज्यांना हे लहान वाटतं, त्यांना आमचं जगणं माहीत नाय. आमची माणसं आठ-आठ महिने रस्त्यानं असतात. रोज नवं गाव. गाव आधी संशयानंच बघतं. अशा एका फोटोवर लोक गोळा होतात, आणि एकदा हात उठला की कुणी विचारत नाय, बाई तू कोण.

मी मायला ऑफिसात नेलं. मॅडमच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. पालक बसतात त्या. मॅडम म्हणाल्या, "डिलीट करते, झालं?" मी म्हणाले, "डिलीट करून जमणार नाय. जिथं लिहिलं तिथं लिहा."

त्यांनी लिहिलं. मला दाखवलं. गैरसमज झाला होता, त्या आमच्या मंगलच्या आई आहेत.

"मंगल नाय. ओवी लिहा."

"अगं, कुणाला कळणार नाही! पालकांना ओवी म्हणजे..."

"ओवी लिहा. तुमच्या शाळेत फरशी पुसणारी ओवी."

"तू शुद्धीवर आहेस का? नोकरी जाईल."

"लिहा."

मी हलले नाय. शाळा सुटली, गाड्या गेल्या, मी तशीच उभी. दारात रेहाना येऊन थांबली, ती गेली नाय. शेवटी मॅडमनी लिहिलं. मी मोबाइल हातात घेऊन एकेक अक्षर वाचलं आणि मग स्वतःच पाठवलं. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. उद्यापासून येऊ नकोस, असं त्या मागून म्हणाल्या. त्यांना ते म्हणायचं समाधान हवं होतं, मिळू दिलं.

आम्ही रिक्षात बसलो. माय म्हणाली, "मंगल कोण गं?"

मी सगळं सांगितलं. ती रडली नाय. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं व्हतं, लोकाला नाव आवडलं. नावच आवडलं व्हय त्यांना. आपण नाय."



आता मी शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. पहिल्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "ओवी? मॉडर्न आहे की." मी म्हणाले, "माझ्या मायनं ठेवलंय." त्यानं ते लिहून घेतलं. रेहाना अजून तिथंच आहे. रेखा म्हणून. घरात लहान लेकरं आहेत तिच्या, मी तिला काही म्हणत नाय.

पण तो फोटो थांबला नाय. मॅडमचं दुसरं वाक्य कुणी पुढं पाठवलंच नाय. पहिलंच फिरत राहिलं. परवा करमाडच्या बाजारात एका माणसानं मायला बघितलं, मोबाइल काढला, पुन्हा बघितलं. माय कांद्याची पाटी तशीच टाकून घरी आली. आता ती माझ्या खोलीवर असते, एकटी कुठं जात नाय. डोळ्यांचं दुसऱ्यांदा दाखवायचं होतं, तेही राहिलं. आबा तळावर आहे, तिला तिकडं जायचंय, आणि मी तिला पाठवू शकत नाय.

मी चौकीत जाऊन आले. साहेब म्हणाले, "सोडून द्या ताई, माफी मागितली ना त्यांनी? कशाला मोठ्या लोकांच्या नादी लागता." मी परत आले. खोलीत बसवेना. उठले, फिरले, पुन्हा बसले.

उद्या सुट्टी टाकलीय. मायला सोबत घेऊन पुन्हा चौकीत जाणार आहे. परवा जावं लागलं तर परवा. त्यांनी बाहेर बसवलं तर बाहेर बसू, दार बंद होईपर्यंत. तक्रार लिहून घेताना विचारतीलच, कुणी केलं? तेव्हा मी "शाळेची मॅडम" असं सांगणार नाय. नाव सांगीन. तिचं, तिच्या नवऱ्याचं, आडनाव, सगळं. एक अक्षर गाळणार नाय.