ज्याची जखम, त्याची पट्टी

नियंत्रण रेषेवरच्या त्या पोस्टवर आम्ही बारा जण होतो. मी हवालदार, सेक्शन कमांडर. घर नागपूरला, नंदनवन वस्तीत. बाकीचे कुठले कुठले, पण नर्सिंग असिस्टंट नेमका नागपूरला लागूनच्या कामठीचा निघाला. सॅम्युएल त्याचं नाव. मलमपट्टी, इंजेक्शन, तापाची गोळी हे त्याचं काम. एवढ्या लांब कोणी 'काहून गा' म्हणालं की किती बरं वाटतं, हे घर सोडल्याशिवाय कळत नाही.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सातला चहा, आठला हत्यारांची सफाई. दर सोमवारी सॅम्युएल सगळ्यांची फील्ड ड्रेसिंग तपासायचा. सिव्हिलियन लोकांसाठी सांगतो, प्रत्येक जवानाच्या खिशात एक सीलबंद पट्टी असते. साथीदार जखमी झाला तर त्याच्याच खिशातली काढून त्याला बांधायची. आपली काढायची नाही, पुढची गोळी आपल्याला लागू शकते. ट्रेनिंगमध्ये हे आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

सॅम्युएल ख्रिस्ती. संध्याकाळी एका कोपऱ्यात बसून प्रार्थना करायचा. एकदा मी त्याला चिडवलं, "तुमचा देव दिसते तरी कसा गा?"

"देवानं माणसाले आपल्या प्रतिरूपात घडवलं, दादा. देव पाहाचा असन तर माणसाच्या तोंडाकडे पाहा लागते."

"आपल्या सुभेदारसाहेबाचं तोंड पाहिलं काय कधी?"

"ते जरा कठीण आहे," तो म्हणाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्या दिवशी ०५४० ला तारेजवळ हालचाल दिसली. चार घुसखोर होते. पंधरा मिनिटं फायरिंग चाललं. नायक धनराज जागच्या जागी गेला. तीन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो. आमचे आणखी दोघे जखमी झाले. घुसखोरांतले तिघे मेले, चौथा नाल्यात सापडला. पोटरीत गोळी लागलेली, रक्त वाहत होतं. हात पुढे बांधून त्याला वर आणला. मी वायरलेस सेटवर रिपोर्ट दिला. खालच्या तळावरून उत्तर आलं, "कैदी जिवंत पाहिजे. ओव्हर."

आमच्या दोघा जखमींच्या मलमपट्टीत सॅम्युएलची बॅग रिकामी झाली होती, धनराजच्या खिशातली पट्टीही संपली होती. तो माझ्याकडे आला.

"दादा, तुमची ड्रेसिंग द्या."

"याच्यासाठी? नाही देत."

"रक्त जाऊन राहिलं त्याचं."

"जाऊ दे. धनराजचं नाही गेलं काय?"

"यालेही त्यानंच घडवलं ना, दादा." एवढंच बोलून त्यानं आपल्या खिशातली पट्टी काढली, दातानं सील फाडलं आणि कैद्याच्या पोटरीवर बांधली. माझं डोकं सणकलं. धनराज अजून तिथेच ब्लँकेटखाली होता. त्या कैद्याच्या तोंडाकडे मी बघितलंसुद्धा नाही.

आमचे दोघे जखमी आधीच खाली पोचवले होते. ०९१५ ला स्ट्रेचरवर कैद्याला घेऊन आम्हीही तळाकडे निघालो. उचलायला दोन जवान, सोबत सॅम्युएल आणि मी. ०९५० ला पलीकडून मॉर्टर सुरू झाला. दुसरा गोळा वाटेवरच पडला. सॅम्युएलच्या मांडीत, अगदी वर, स्प्लिंटर घुसलं. मी सवयीनं त्याच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

मग माझी पट्टी काढली, दोघा जवानांच्याही घेतल्या. दोन मिनिटांत सगळ्या भिजून गेल्या. मी तळहातानं जखम दाबून धरली. तेवढ्यात तो कैदी स्ट्रेचरवरून खाली सरकला. जवानांनी रायफली रोखल्या. त्यानं बांधलेल्या हातांनी गळ्यातला मफलर ओढून काढला, माझ्या हाताखाली कोंबला आणि सगळं वजन टाकून दाबला. "रहने दो," मी जवानांना म्हणालो. तेव्हा मी त्याचं तोंड पाहिलं. असेल वीस-बावीस वर्षांचा. सॅम्युएल एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा त्याच्याकडे. १०२० ला सॅम्युएल गेला.

डॉक्टर म्हणाले, इतक्या वरच्या जखमेला आणखी एका पट्टीनंही काही झालं नसतं. मी 'हो साहेब' म्हणालो. मला ते अजून पटलेलं नाही. कैदी वाचला, हे नंतर कळलं.

सॅम्युएलची आई कामठीला राहते. दर नाताळात मी शेअर ऑटो पकडून तिच्याकडे जातो. दरवेळी ती विचारायची, "शेवटी त्याच्यापाशी कोण होतं गा?" मी म्हणायचो, "मी होतो, मावशी." हे अर्धंच होतं. गेल्या नाताळात सगळं सांगून टाकलं. मी पट्टी दिली नाही हेही सांगितलं. घराबाहेर काढलं असतं तरी मी निमूट गेलो असतो.

मावशी टेबलावरचा कपडा सारखा करू लागली.

"तू नाही म्हटलं."

"हो."

"अन् त्यानं दाबून धरलं."

"हो, मावशी."

"नाव काय होतं त्याचं?"

"विचारलं नाही."

"विचारा लागत होतं, बापू," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मला मात्र तिथं बसवेना.

मग तिनं जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. सॅम्युएलचं नाव घेतलं. धनराजचं घेतलं, तो तर तिनं कधी पाहिलाही नव्हता. माझं घेतलं. जरा थांबली आणि म्हणाली, "अन् तो मफलरवाला, जिथं असन तिथं."

मी डोळे मिटले नव्हते. तिच्या तोंडाकडे पाहत होतो.