रिपोर्टच्या आधी काढलेलं तिकीट

मंडळी, माझ्या धाकट्या भावाचं वृषणाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. आता अधूनमधून रक्ताची एएफपी टेस्ट असते. आकडा वाढला तर आजार परतल्याची शंका. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात पुढचं कोणीच काही ठरवत नाही.

आज सकाळी वाशीला रक्त देऊन आला आणि पठ्ठ्याने गणपतीला गावी जायचं तिकीट काढलं! मी भडकले, "अरे, रिपोर्ट तरी येऊ दे!"

"ताई, गणपती थांबणारेत का रिपोर्टसाठी?"

संध्याकाळी रिपोर्ट आला. नॉर्मल! आई रडायलाच लागली. साहेब मात्र मोबाईलमध्ये तोंड घालून, "ताई, तिकीट अजून वेटिंगच आहे गं!"

किती महिन्यांनी घरात असं साधं टेन्शन आलंय. तुमचं झालं का कन्फर्म?