तीन वाट्या आणि फर्दर मॅथ्स

इंग्लंडात, रीडिंगजवळच्या लोअर अर्लीत आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात कस्तुरी वाढली. तिचे आईवडील, नीना आणि पुरुषोत्तम, मूळचे नागपूरचे. तो आयटीत, ती एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला. कस्तुरीचा जन्म मात्र इथलाच. मराठी ती धबाधबा बोलते. कोणता शब्द ‘तो’, कोणता ‘ती’ आणि कोणता ‘ते’, हे ती त्या त्या क्षणी मनाला येईल तसं ठरवते.

इथे सोळाव्या वर्षी मुलांना शेवटच्या दोन वर्षांचे विषय निवडायचे असतात. त्यांना ए-लेव्हल म्हणतात. बहुतेक जण तीन घेतात. कस्तुरीला इंजिनिअरिंग करायचं होतं, तेही केंब्रिजला, म्हणून तिने चार ठरवले: मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री आणि फर्दर मॅथ्स. ज्यांचं एका गणिताने पोट भरत नाही, त्यांच्यासाठी फर्दर मॅथ्स.

मार्चमधल्या एका दुपारी नीना माझ्याकडे चहाला आली होती. तेवढ्यात कस्तुरी शाळेच्या दप्तरासकट माझ्या किचनमध्ये घुसली.

“आई, माझी विषय रद्द झाली!”

“कोणता गं?”

“फर्दर मॅथ्स! घेणारे दोघंच आहोत, मी आणि कॅलम. मिसेस प्रिचर्ड म्हणतात, पाच जण नसले तर क्लास नाही.”

मिसेस प्रिचर्ड म्हणजे शाळेच्या सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे या शेवटच्या दोन वर्षांच्या प्रमुख. संध्याकाळी पुरुषोत्तमने हे ऐकलं आणि तो येरझाऱ्या घालायला लागला. “काय म्हणून राहिलीस तू? शाळाच बदलू. ट्रेनने जाशील.”

“नाही जाणार. मी तीन मुलं आणते.”

“कुठून?”

“शाळेतून, बाबा! तिथे ढिगाने आहेत.”

ढिगाने होती, पण हाताला एकही लागेना. तिची जिवलग मैत्रीण तनू हिला डॉक्टर व्हायचं होतं. ती म्हणाली, “चौथा विषय? मला झोप आवडते, कस्तुरी.” शाळेच्या टीमचा गोलकीपर डिलन गणितात हुशार होता, पण ते कुणाला कळलेलं त्याला चालत नसे. कस्तुरीने जेवणाच्या सुट्टीत गाठलं की तो चिप्सची प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचा.

शेवटची संधी होती ऑप्शन्स इव्हिनिंग. त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं एक टेबल लागतं आणि मुलं आईवडिलांना घेऊन फिरतात. गणिताचे मिस्टर ओकाफोर यांनी एक छोटं टेबल कस्तुरीच्या हवाली केलं. ही बातमी कळताच पुरुषोत्तमने ऑफिसातून लवकर येऊन भलंमोठं प्रेझेंटेशन केलं. पहिल्या स्लाइडवर मावळता सूर्य होता, का ते त्यालाच ठाऊक. नीना आणि मी मात्र बेसनाचे लाडू वळले. कस्तुरीने आमच्याकडे तेवढंच मागितलं होतं. लाडू आणि स्टीलच्या तीन वाट्या.

हॉलमध्ये आमचं टेबल फोटोग्राफीच्या शेजारी होतं. पुरुषोत्तमचा लॅपटॉप बघून मुलं लांबूनच वळत होती. मग कस्तुरीने तिन्ही वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली लाडू लपवला आणि डिलनला हाक मारली. “सापडला तर तुझा!”

डिलनने डावीकडची वाटी निवडली. कस्तुरीला लाडू कुठे आहे ते माहीत होतं. तिने मुद्दाम उरलेल्या दोनांतली एक रिकामी वाटी उलटून दाखवली. “आता सांग, डावीकडचीच ठेवणार की बदलणार?”

“ठेवणार. दोनच राहिल्या ना? फिफ्टी-फिफ्टी.”

त्याच्या वाटीखाली काही नव्हतं. तो पुन्हा खेळला. पुन्हा ठेवली, पुन्हा रिकामी. “गोलकीपर मध्येच उडी बदलत नाही,” असं म्हणत तो खेळत राहिला आणि बहुतेक वेळा हरत राहिला. तनू गंमत म्हणून दर वेळी वाटी बदलायला लागली आणि लाडवांवर लाडू खाऊ लागली. भोवती ही गर्दी! “चीटिंग आहे!” डिलन ओरडला. “मॅथ्स आहे!” कस्तुरी त्याहून मोठ्याने ओरडली. फोटोग्राफीच्या टेबलावर बसलेली कस्तुरीच्याच वर्गातली इमोजेन, तिकडे कुणीच उरलं नाही म्हणून, इकडे येऊन भांडायला लागली. पुरुषोत्तम प्रेझेंटेशन विसरून एका अनोळखी बापाशी हातवारे करकरून वाद घालत होता, आणि तोही चुकीच्या बाजूने! कस्तुरी हसून हसून टेबलावर आडवी झाली होती.

“पहिल्यांदा निवडताना तू तीनातली एक उचललीस,” तिने कसंबसं सांगितलं. “म्हणजे तीनात दोनदा तू चुकणारच. आणि तू चुकलास की लाडू कुठे असतो?”

डिलनने तिन्ही वाट्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याच्या कानापर्यंत लाली चढली. “दुसऱ्या वाटीखाली,” तो म्हणाला. “ओह. ओह!” आणि त्याने पेन मागितलं.

त्याच्यामागे इमोजेनने नाव घातलं. तनू म्हणाली, “मी जिंकत होते, पण का ते मला कळत नव्हतं. आता झोप कशी लागणार?” आणि तिनेही घातलं. झाले पाच! मिस्टर ओकाफोर हळूच कस्तुरीच्या कानाशी वाकले. “तुला माहीत आहे ना, हे फर्दर मॅथ्समध्ये शिकवत नाहीत?”

“ते सप्टेंबरमध्ये सांगू, सर.”

सप्टेंबरमध्ये क्लास सुरू झाला. तनूने ख्रिसमसपर्यंत दम धरला आणि मग सोडला. मिसेस प्रिचर्डनी सुरू झालेला वर्ग बंद केला नाही. शेवटचं वर्ष कस्तुरीला जड गेलं. चार विषय, वर केंब्रिजची प्रवेश परीक्षा. एका रविवारी ती आमच्या जिन्यात बसून रडली, आणि माझ्या हातची पिठलं-पोळी खाऊन परत गेली. डिसेंबरच्या इंटरव्ह्यूत प्रश्न इतका सुंदर होता म्हणे, की ती फिसकन हसली. समोरच्या प्रोफेसरबाईही हसल्या.

जानेवारीत बसमध्ये असताना ई-मेल आली. केंब्रिजची ऑफर! उन्हाळ्यातल्या ए-लेव्हल परीक्षेत ठरलेले ग्रेड मिळाले की प्रवेश पक्का. ती भलत्याच स्टॉपवर उतरली आणि चिखल उडवत घरापर्यंत पळत आली. पुरुषोत्तमने अटी दोनदा वाचल्या. “म्हणजे अजून एवढे ग्रेड आणायचे आहेत.”

“आहेतच की!” ती आईला धरून गोल गोल फिरत म्हणाली. नीनाची एक चप्पल माझ्या कुंपणाशी येऊन पडली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे ती फिजिक्स करत होती आणि मोठमोठ्याने गात होती. सूर एकही धड नव्हता. मी टीव्ही बंद केला आणि ऐकत बसले.