रुखवतातली मिशीन

"पोरगी गुणी हाये गं, पण रुखवतात मिशीन आणली अन् तोंड माहेरीच इसरली! ही काय शाळेत शिकवणार?"

हे आत्याबाई सासूबाईंच्या कानात बोलल्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, मुक्काम धावडा. मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते.

मला भोकरदनच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. जायचं की नाही, याचा निकाल आत्याबाई देणार होत्या. तोवर मी गप्प. गप्प माणसाजवळ किस्से फार साठतात. बोलण्यात खर्चच होत नाहीत ना!

*

मिशीन म्हणजे माझा मायक्रोस्कोप. बी.एस्सी. झाल्यावर बाबांनी घेऊन दिलेला. रुखवतात सुपारीचे नवरा-नवरी आणि मण्यांचा हंस यांच्यामधे तो मांडला होता. अर्धं वऱ्हाड मिक्सर समजून विचारत होतं, "किती वॅटचा?"

सासरी आल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला क्रोशाचं झाकण घातलं आणि फ्रिजवर बसवलं. शुक्रवारी हळदीकुंकूही लावलं!

*

एकदा कांदा चिरताना त्याचा पातळ पापुद्रा काढून मी आईंना दाखवला.

"अगं बाई! या तर विटा! बिनगिलाव्याच्या!"

"या पेशी, आई. सगळे जीव यांचेच बांधलेले. अन् प्रत्येकीत ठिपका दिसतो ना, तो तिचा कारभारी."

आई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी ज्याच्या घरात त्याचाच कारभारी. धावड्याहून येत न्हाई!"

आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं.

*

नानांना, म्हणजे सासऱ्यांना, स्वतःच्या पेशी बघायच्या होत्या. दात कोरायच्या काडीनं गाल आतून हलकासा खरवडला, निघालं ते काचेवर घेतलं, निळ्या रंगाचा थेंब टाकला.

"हा मी? अन् हे काळं-काळं काय?"

"तंबाखू, नाना."

"बघा!" आई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मी सांगून थकले, मिशीननं एका दमात सांगितलं!"

नानांनी घाईनं विषय बदलला. "आपल्या म्हशीची बी बघ जरा."

नानांनी शिंगं धरली, मी काडी फिरवली. दोन्ही काचांवर खुणा करून त्या शेजारी ठेवल्या. थेट सारख्या!

"बराबर हाये," नाना म्हणाले. "दोघं बी दिवसभर चघळतच असतो."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी सोडलं. तंबाखू नाही, मिशीनमधे बघणं!

*

निकालासाठी आत्याबाई आल्या, ती नेमकी एकादशी. दह्याची वाटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "याच्यात काय दिसतं गं?"

मी दाखवलं. "जिवाणू. एकेका पेशीचा एकेक जीव. त्यांच्यामुळंच दही लागतं."

तोवर अर्धी वाटी पोटात गेली होती. "मंग माझा उपास?"

"मोडला," आई म्हणाल्या. जरा जास्तच उत्साहानं.

आत्याबाईंनी विचार केला. "जीव एवढुसे, पाप बी एवढुसंच!" आणि उरलेली वाटी संपवली.

*

मग त्यांनी आपल्याही गालाची काच करून घेतली. नानांची, माझी, जुन्या-नव्या सगळ्या काचा ओळीत मांडल्या होत्या. आत्याबाई निकालाकडं वळल्या.

"आपल्या घराण्यात सुना नोकरीला जात न्हाईत. आपलं पाणीच येगळं."

ह्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कुणालाच कळलं नाही.

बोलता बोलता आत्याबाईंनी ओळीतली एक काच स्वतःच उचलून मिशीनखाली सरकवली.

"या, बघा! कशी ऐसपैस! कशी रुबाबात बसली! हजारात ओळखू येती. याला म्हणतात घराणं! सूनबाई, कोणाची गं ही? माझी का नानाची?"

नानांनी काचेवरची खूण पाहिली आणि त्यांना जोराचा खोकला आला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"म्हशीची, आत्याबाई. अन् सोमवारपासून मी शाळेत जाणार."