वासितेमचं घर आम्ही उचललं

वासितेमला सगळा गाव 'यू' म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. म्हणायला काय जातं? मीही म्हणायचो. तिच्या परड्यातले अकरा माड मी चढायचो. पाच दिवसांची नीरा माझी, पुढच्या पाच दिवसांची तिची, अशी आमच्या गावातली, कालिबेंदातली, वाटणी. त्यामुळे तिची गोष्ट सांगायचा हक्क माझा आहे, आणि लाजही माझीच.

बाई ठेंगणी, काटक, जिभेनं तिखट. नीरा आटवून गूळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कढईवरची वाफ नाकाशी आली की तिला सगळं कळायचं. "मार्सुद, नीरेच्या नळकांड्यात चुना कमी घातलास. बायकोशी भांडून माडावर चढलास ना?" असं ती खालून ओरडायची, आणि बहुतेक वेळा मी खरंच भांडून आलेलो असायचो. तिच्या दोन्ही मनगटांवर उकळत्या नीरेचे डाग होते. ते झाकायला ती कधी लांब बाह्या घालत नसे.

परडं तिचं स्वतःचं, आईकडून आलेलं. आमच्याकडे बापाच्या जमिनीत मुलाला कावडीची दोन्ही पारडी मिळतात आणि मुलीला पाठीवरची एक पाटी. वासितेमच्या पाटीत ओढ्याकाठचा दगडाळ उतार आला. भावांनी सपाट जमीन घेतली, पुढे विकून शहरात गेले, आणि तिथं काय झालं त्यांचं कुणाला ठाऊक नाही. हिनं मात्र उतारावर माड लावले. पंचविसाव्या वर्षी सानरेजा नावाच्या बिजवराशी लग्न केलं. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा तुसीन पदरात घेतला. स्वतःला मूल झालं नाही. तुसीनला तिनं न्हाऊमाखू घातलं, त्याच्या गोवराच्या तापात सात दिवस त्याच्या उशाशी बसली, त्याची सुंता थाटात केली, लग्न लावून दिलं. तो तिला 'बियुंग' म्हणायचा, म्हणजे आई. लग्नानंतर तो ओढ्यापलीकडे सासुरवाडीच्या जागेत राहायला गेला.

सानरेजानं लग्नात स्वतःचं घर आणलं होतं. आमची घरं लाकडाची, खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडावर टेकलेले असतात. म्हणून घर उचलून कुठंही नेता येतं. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं, असं अर्ध्या गावात आहे. आजोबांच्या वेळचं ते घर गावानं उचललं आणि वासितेमच्या परड्यात आणून ठेवलं. तेव्हा मी शाळेत जात होतो. त्या दिवशी पोटभर जेवल्याचं मला आठवतं, बाकी काही नाही.

पुढे वीस वर्षांनी घर वाळवीनं खाल्लं. तेव्हा वासितेमनं आपल्या परड्यातली फणसाची तीन झाडं आणि एक साग तोडला. वासे नवे, आढं नवं, तट्ट्या नव्या, कौलं गुळाच्या पैशातून. मधले चार मोठे खांब तेवढे जुने राहिले, सानरेजाच्या आजोबांनी उभे केलेले, जुन्या सागाचे, दोन हातांच्या पकडीत न मावणारे. सानरेजा म्हणाला, "तुझ्या सागाचे चार निघतील. हेही बदलून टाकू." वासितेम त्याच्यावरच चिडली. "आजेसासऱ्यांचे खांब काढायचे? घराचा मालक खांबात उभा असतो. त्यांना बाहेर काढून मी आत झोपू होय?" तिनं खांबांना खोबरेल चोळलं, बुंध्याशी फुलं वाहिली आणि शेजाऱ्यांना भात वाढला. मी त्या जेवणालाही होतो. सगळ्यांनी तिची वाहवा केली. सून असावी तर अशी. मीही मान डोलावली.

तिच्या आयुष्यातली ही एकच चूक, आणि ती चूक म्हणजे चांगलं वागणं.

सानरेजा तापानं गेला. चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि दुसऱ्याच सकाळी तुसीन कायिमला घेऊन आला. कायिम म्हणजे आमच्याकडे दुआ म्हणणारा, मयत करणारा, भांडणं मिटवणारा माणूस. मी माडावर होतो, वरून सगळं ऐकू येत होतं.

"बियुंग, जमीन तुझी. तिला मी हात लावत नाही," तुसीन म्हणाला. "घर मात्र माझ्या पणजोबांचं. ते मी नेतो."

"घर?" वासितेमनं कढईतला डाव वर काढला. "यातलं काय तुझ्या पणजोबांचं? वासे माझे, कौलं माझी, तट्ट्या माझ्या. आणि गोवराच्या तापात तुझं ढुंगणही मीच धुतलंय, तेही नेतोस का?"

तुसीन कायिमकडे बघायला लागला. कायिमनं घसा साफ केला. "यू, रीत तुला माहीत आहे. ज्याचे मधले खांब, त्याचं घर. खांब म्हणजे अंग, बाकीचं सगळं कपडे. अंग निघालं की कपडे अंगाबरोबर जाणार."

"आणि मी? मी काय, अंगावरची ऊ?"

कायिम हसला. तो वाईट माणूस नाही. चांगला विनोद ऐकला की हसतो, एवढंच. कोर्टात जावं तर शहर सहा तासांवर, आणि तिथं तिला कोण ओळखत होतं? गावप्रमुखानं हात वर केले: घरातलं भांडण, कायिमनं मिटवलंय.

घर उचलायचं तर गाव बोलवावा लागतो. चौकात टांगलेला पोकळ ओंडका ठोकला की घरटी एक माणूस येतो. कुणी मजुरी घेत नाही. आज तुझं, उद्या माझं. बदल्यात जेवण मात्र पाहिजे: जिथून घर उठतं तिथं सकाळचं, जिथं बसतं तिथं दुपारचं. म्हणजे तुसीन घर नेणार आणि ते नेणाऱ्या माणसांना न्याहारी वासितेम घालणार. मी तिला म्हटलं, "यू, तू नको घालूस. तुझ्यावर कोण बोट ठेवेल?"

"सगळे ठेवतील," ती म्हणाली. "वासितेमच्या परड्यातून माणसं उपाशी उठली, असं माझ्या मयताला म्हणाल तुम्ही. ओळखून आहे मी तुम्हाला."

तिनं कोठीतला सगळा तांदूळ काढला. पुढच्या कापणीपर्यंत पुरवायचा तांदूळ होता तो. कसाव्याचा पाला, खारी मासळी, तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, लाल मिरचीचं वाटण, वर ओलं खोबरं. त्रेचाळीस माणसं जेवली. काहींनी दोनदा घेतलं. "यू, तुझ्या हातचं जेवण मिळणार असेल तर रोज घर हलवू," असं कुणीतरी म्हणालं आणि पंगतीत हशा पिकला.

कौलं आणि तट्ट्या आदल्या दिवशीच उतरवल्या होत्या. नुसता सांगाडा उभा होता. आम्ही खांबांना आडवे बांबू बांधले, खांदे लावले. वासितेम आतच, चुलीशी बाजेवर बसून राहिली. चुलीवर नीरा उकळत होती.

"बियुंग, ऊठ. डोक्यात बांबू बसेल," तुसीन ओरडला.

"ही जमीन माझी आहे. मी कुठं बसायचं ते मी ठरवीन. तू तुझं घर ने."

कायिमनं देवाचं नाव घेतलं, आम्ही 'हो' केलं आणि घर वर आलं. अलगद आलं, चांगलं बांधलेलं होतं. आम्ही पाऊल पाऊल सरकत गेलो, बांबू तिच्या डोक्यावरून गेले, मधले दोन खांब तिच्या दोन बाजूंनी गेले. ती हलली नाही. घर तिच्या अंगावरून निघून गेलं आणि ती उन्हात राहिली. मागं वळून बघितलं तर बाज, चूल, कंगवा, सानरेजाची काळी टोपी, तेलाची बाटली, चार भांडी, सगळं उघड्यावर. माझ्या पुढचा माणूस हसत ओरडला, "यू, तुझी खोली केवढी मोठी झाली बघ!" सगळे हसले. ओझं उचलताना आमच्याकडे हसायची पद्धत आहे, त्यानं दम लागत नाही. मी हसलो. ती डाव फिरवत होती. थांबली असती तर गूळ करपला असता.

दुपारी तुसीनकडे कोंबडी होती.

तिनं माडाच्या झावळ्या आणि खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या जोडून चुलीवर छप्पर केलं. आठ दिवसांनी ओढ्यापलीकडे ट्रक आला. शहरातला एक व्यापारी जुना साग गोळा करायचा. तुसीननं घर उतरवलं, चार खांब ट्रकमध्ये घातले, आणि बाकीचं गोठ्यामागे ढकलून दिलं. वासे, आढं, तट्ट्या, कौलं. म्हणजे त्याला घर नकोच होतं. हे गावाला कळलं तेव्हा सगळे चुकचुकले. एवढ्यावर भागलं.

वासितेम त्याच्या दारात गेली. मी सोबत होतो.

"खांब गेले ना? मग बाकीचं माझं मला दे," ती म्हणाली.

"ने की. मी कधी नाही म्हटलं?" तुसीन म्हणाला. त्याला खरंच राग नव्हता. "मला काय करायचाय तो फणस? पण पोचवणार नाही मी. गाव बोलाव आणि ने."

परत येताना मी म्हटलं, "यू, ओंडका ठोक. आम्ही येतो सगळे."

"आणि खायला काय घालू? चुलीतली राख?"

'खायला नको, आम्ही असेच येतो' हे पाच शब्द माझ्या तोंडात होते. बोललो नाही. न बोलावता कुणाच्या लाकडाला हात लावणं म्हणजे त्याची गरिबी चव्हाट्यावर मांडणं, अशी आमची समजूत. सोयीची रीत माणसाला चांगली पाठ असते. मी रोज दोनदा अकरा तिचे आणि अठरा माझे असे माड चढत होतो. एक वासा खांद्यावर टाकून ओढा ओलांडायला मला किती वेळ लागला असता? आणि मी एकटा होतो का? त्रेचाळीस माणसं तिचा भात खाऊन गेली होती. प्रत्येकानं एक-एक लाकूड आणलं असतं तरी संध्याकाळच्या आत घर तिच्या दारात आलं असतं. प्रत्येकजण बोलावण्याची वाट बघत होता. "तिनं सांगितलं तर जाऊ ना," असं आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगायचो आणि प्रत्येकाला बरं वाटायचं.

ती कौलं आणायला लागली. पाठीला कापडाची झोळी बांधून एका वेळी दहा. दिवसाला तीन खेपा. परड्यात तिनं कौलांची नीट रास लावली. वाशांचं तिला काही करता येईना. कौलं होती, पण खाली वासे नव्हते.

मग पाऊस आला. जळण भिजलं, कढई तापेना, गूळ जमेना. मऊ गूळ व्यापारी घेत नाही. तिच्या पाच दिवसांची नीरा आंबायला लागली. मी एकदा माझ्या घरचा भात नेला तर तिनं तो परत पाठवला. "तुझ्या बायकोला सांग, अजून मेले नाही मी." खोकला आधीपासून होता, तो छातीत उतरला. पावसाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी माडाशी आलो तेव्हा खालून कुणी ओरडलं नाही. बाजेवर ती भिंतीकडे तोंड करून झोपावी तशी झोपली होती. भिंत मात्र नव्हती.

मयताला आमच्याकडे बोलावणं लागत नाही. ओंडक्याचे ठोके वेगळे पडले आणि तासाभरात सगळा गाव परड्यात. पुरुषांनी बांबू आणले, ताडपत्री आणली आणि बघता बघता पन्नास माणसं बसतील एवढा मांडव घातला. एक थेंब आत येत नव्हता. बायका पदराखाली तांदळाची भांडी घेऊन आल्या, रीत आहे तशी, आणि बाजेवर ओतत गेल्या. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं जो तो तिचं कौतुक करत होता. काय गूळ करायची! काय हात होता! तुसीन पुढं उभा राहून सगळ्यांचे हात हातात घेत होता, डोळे पुसत होता. "माझी आई गेली," म्हणत होता. जिवंतपणी सावत्र होती, आता सख्खी झाली होती. परड्याला आणि अकरा माडांना दुसरा वारस नव्हता. कायिमनं ते तिथल्या तिथं सांगूनही टाकलं.

दफन उरकून आम्ही मांडवात जेवायला बसलो. माझी बायको दिराह वाढत होती. बाजेवरच्या तांदळाच्या ढिगाकडे बघून ती थांबली, हातातली परात तशीच.

"एवढ्या तांदळात तिचं घर दोनदा परत आलं असतं," ती म्हणाली. हळू नाही म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं.

कुणाचा हात तोंडाशी थांबला, कुणाचा ताटात. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. मग कायिम म्हणाला, "पोरी, जेवताना असलं बोलू नये. इकडं जरा भात वाढ."

तिनं वाढला. आम्ही जेवलो.